रूळ गेले, चढ उरला

डोंगरात सायकल म्हटली की आपल्याला आधी धाप आठवते. पण अमेरिकेत, आयडाहो आणि मोन्टाना राज्यांच्या सीमेवर, बिटररूट पर्वतात एक अशी वाट आहे की तिथे शाळकरी मुलंही मजेत सायकल चालवतात. नाव ‘रूट ऑफ द हायावाथा’. लांबी सुमारे २४ किलोमीटर, वाटेत १० बोगदे आणि ७ उंच पूल. हे कसं जमतं? तर ही वाट मुळात सायकलसाठी नव्हतीच, रेल्वेसाठी होती. इंजिनाला खडा चढ झेपत नाही. म्हणून अभियंत्यांनी डोंगर पोखरला, दऱ्यांवर पूल टाकले आणि चढ शंभर मीटरला साधारण १.७ मीटर एवढाच ठेवला. आपल्या बोरघाटात तो ३७ला १ आहे, म्हणजे दीडपटीहून जास्त.

आता ही रेल्वे गेली कुठे? मिलवॉकी रोड कंपनीने १९०६ ते १९०९ या काळात पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत मार्ग नेला. पण त्या प्रदेशात नॉर्दर्न पॅसिफिक १८८३मध्ये आणि ग्रेट नॉर्दर्न १८९३मध्येच पोचली होती. पंगत उठल्यावर पाहुणा यावा, तशी ही कंपनी आली. कर्ज मात्र पहिल्या दिवसापासून डोक्यावर. १९७७मध्ये दिवाळं निघालं आणि १९८०मध्ये हा मार्ग बंद झाला.

पण या बोगद्यांना आणखी एक आठवण आहे. ऑगस्ट १९१०मध्ये इथल्या जंगलात भीषण वणवा पेटला. दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जळालं, निदान ८५ माणसं गेली. तेव्हा गाड्या माणसांना घेऊन याच बोगद्यांत शिरल्या आणि कित्येकांचे जीव वाचले. आज आपण दिवा लावून, गार हवेत तिथून गंमत म्हणून जातो.

मंडळी, खरा प्रश्न जमिनीचा आहे. मार्ग एकदा तुकड्या-तुकड्यांनी विकला गेला की पुन्हा जोडता येत नाही. म्हणून अमेरिकेने १९८३मध्ये कायद्यात तरतूद केली: बंद पडणारा मार्ग पायवाट म्हणून अखंड ठेवायचा, उद्या गरज पडली तर पुन्हा रेल्वे. काही जमीनमालक म्हणाले, आम्ही जागा रेल्वेला दिली होती, सायकलवाल्यांना नाही! त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. १९९०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण मालकांना भरपाई मागण्याची वाटही मोकळी ठेवली.

हायावाथाची वाट १९९८मध्ये खुली झाली. त्यातला पावणेतीन किलोमीटरच्या आसपासचा सर्वांत लांब बोगदा २००१मध्ये.

खंडाळ्याच्या घाटात गाडीची दिशा उलटी करणारं जुनं स्थानक १९२९मध्ये बंद झालं. पुढच्या वेळी तिथून जाताना खिडकीतून जरा बघा. रूळ उखडले तरी ज्या हातांनी तो डोंगर फोडला, त्यांचं काम तिथेच असतं.