फेकीचं मूळ पायांत

नातवाचं कोपर दुखायला लागलं म्हणून मी या विषयाकडे वळलो, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाने अमेरिकन फुटबॉलवर बोलावं, याचं आपल्याला नवल वाटेल.

मुलाकडे न्यू जर्सीला गेलो होतो. नातू चौदा वर्षांचा, शाळेच्या संघात क्वार्टरबॅक. त्यांच्या फुटबॉलमध्ये चेंडूला पाय क्वचितच लागतो. सुमारे ४०० ग्रॅम वजनाचा, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू हातात घेऊन समोरच्यांच्या हद्दीत घुसायचं, असा तो खेळ. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू गमवायचा. क्वार्टरबॅक एकतर चेंडू शेजारच्याच्या हातात देतो, किंवा पुढे धावणाऱ्या गड्याकडे लांब फेकतो. आमचे चिरंजीव फेकत होते आणि हंगामभर मैदानाच्या कडेवरून त्यांना एकच सल्ला मिळत होता, 'आणखी जोर लाव.' त्याने लावला. डॉक्टर म्हणाले, कोपराच्या आतल्या बाजूचं हाड अजून वाढतंय, नेमका तिथेच ताण आलाय. सहा आठवडे फेकणं बंद.

मुलाचं तोंड उतरलं. मग त्या सहा आठवड्यांत आम्ही दोघांनी जुनी पुस्तकं चाळली, चित्रफिती पाहिल्या. शोध एवढाच, की हा चेंडू नीट कसा फेकायचा हे लोकांना कळलं कधी आणि कुणामुळे?

पहिलीच गोष्ट कळली ती अशी, की ही फेक खेळात आली माणसं मरू नयेत म्हणून. १९०५ सालापर्यंत चेंडू पुढे फेकायला बंदीच होती. तो घेऊन पळायचं, आणि बाकीच्यांनी एकमेकांना धरून भिंतीसारखं समोरच्यांवर कोसळायचं. त्या एका हंगामात 'शिकागो ट्रिब्यून'ने १८ मृत्यू मोजले. काही विद्यापीठं खेळ बंद करायच्या गोष्टी बोलू लागली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून समज दिली. पुढच्याच महिन्यात त्यांच्या मुलाचं नाक हार्वर्डकडून खेळताना फुटलं, हे जाता जाता सांगतो. १९०६मध्ये नियम बदलले. खेळ पसरावा, गर्दी मोडावी म्हणून चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली.

परवानगी मिळाली, पण फेकायचा कसा हे कुणाला ठाऊक होतं? तेव्हाचा चेंडू रग्बीच्या चेंडूसारखा फुगीर. कुणी तो तळहातावर ठेवून ढकलायचा, कुणी दोन्ही हातांनी भिरकावायचा. सेंट लुई विद्यापीठाचे प्रशिक्षक एडी कोकेम्स यांनी मात्र १९०६च्या उन्हाळ्यात आपली पोरं विस्कॉन्सिनमधल्या एका तलावाकाठी नेली आणि तिथे दुसरं काही न करता फेकीचा सराव घेतला. चेंडूचं तोंड बांधायला चामड्याची दोरी ओवलेली असते. तिच्या टाक्यांवर बोटं ठेवली की पकड मिळते आणि चेंडू सुटताना त्याला स्वतःभोवती गिरकी देता येते, हे त्यांनी हेरलं. गिरकी घेणारा चेंडू भोवऱ्यासारखा आपला अक्ष सोडत नाही, हवा कापत जातो. आजचा चांगला क्वार्टरबॅक चेंडू फेकतो तेव्हा तो मिनिटाला साधारण ६०० फेरे या गतीने फिरत असतो. ५ सप्टेंबर १९०६ रोजी ब्रॅडबरी रॉबिन्सन या विद्यार्थ्याने कॅरोल कॉलेजविरुद्ध पहिली कायदेशीर फेक केली. ती कुणाच्याच हाताला लागली नाही, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे चेंडू थेट प्रतिस्पर्ध्यांकडे गेला! त्याच सामन्यात त्याने दुसऱ्या फेकीवर गुण मिळवले. हा रॉबिन्सन पुढे डॉक्टर झाला.

पुढची वीसेक वर्षं भराभर ओलांडतो. १९१२मध्ये फेकीच्या अंतरावरची मर्यादा उठली. १९१३च्या उन्हाळ्यात नोत्र दामचे गस डोरे आणि क्नूट रॉक्नी ईरी सरोवराच्या वाळूत फेक-झेल घोटत राहिले आणि १ नोव्हेंबरला त्यांनी लष्करी अकादमीच्या तगड्या संघाला ३५-१३ असं हरवलं. १९३४मध्ये चेंडू आणखी सडपातळ झाला, हाताच्या पंज्यात बसू लागला.

तो ज्याच्या पंज्यात सर्वांत छान बसला तो टेक्सासचा सॅमी बॉ. घरामागे झाडाला मोटारीचा टायर टांगायचा, त्याला झोका द्यायचा आणि आपण पळता पळता त्यातून चेंडू काढायचा, हा त्याचा लहानपणचा उद्योग. १९३७मध्ये व्यावसायिक खेळातल्या पहिल्याच वर्षी त्याने वॉशिंग्टनला अजिंक्यपद मिळवून दिलं. त्याच्याबद्दल एक दंतकथा सांगतात. प्रशिक्षक म्हणाले, चेंडू गड्याच्या डोळ्यांत बसायला हवा. यावर याने विचारलं, कुठल्या डोळ्यात? कथा खरी-खोटी कशीही असो, मला त्या टायरचं महत्त्व वाटतं. पळताना नेम धरणाऱ्या मुलाचे पाय आपोआप शिकत असणार. पण तेव्हा सगळे बघत होते त्याचा हात.

हाताकडून पायांकडे नजर वळली ती एका दुर्दैवामुळे, असं माझं मत झालं आहे. १९६९मध्ये सिनसिनाटी बेंगल्स संघात ग्रेग कुक नावाचा तरुण आला. उंच, देखणा, तोफेसारखा हात. तिसऱ्याच सामन्यात त्याचा उजवा खांदा जमिनीवर आदळला. खांद्याभोवतीच्या स्नायूंचं ते आवरण फाटलं होतं, पण आत डोकावण्याची आजची साधनं तेव्हा नव्हती. काही सामने विश्रांती घेऊन तो दुखऱ्या खांद्याने तसाच खेळत राहिला आणि वर्षअखेर त्या लीगमध्ये फेकीत पहिला आला. त्यानंतर शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया, आणि १९७३मध्ये नावापुरता एक सामना. संपलं. त्याच्या चित्रफिती पाहताना नातू आपल्या कोपरावर हात ठेवून बसला होता.

त्या संघाचे सहायक प्रशिक्षक होते बिल वॉल्श. १९७०मध्ये त्यांच्या हाती आला व्हर्जिल कार्टर. डोक्याने तल्लख, पण हातात कुकसारखी ताकद नाही. मग वॉल्शनी सगळा हिशेबच पावलांवर आणला. चेंडू हातात आल्यावर क्वार्टरबॅकने तीन, पाच किंवा सात पावलं मागे जायचं. पुढे धावणाऱ्या गड्याची वाटही त्याच मापाची. शेवटच्या पावलाला मागचा पाय रोवला, की चेंडू सुटायला हवा. गडी वळून बघेपर्यंत चेंडू वाटेत असतो. यात जोरापेक्षा वेळ साधायची असते, आणि वेळ साधतात पाय. हीच पद्धत वॉल्शनी १९७९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला नेली. तिथे तिसऱ्या फेरीपर्यंत शिल्लक राहिलेला जो मोंटाना त्यांना मिळाला. त्याचा हातही काही तोफेचा नव्हता. त्याने चार सुपर बोल जिंकले.

पाय असे महत्त्वाचे का, याचा उलगडा पुढे कॅमेऱ्याने केला, आणि तो करणारा माणूस फुटबॉलचा नव्हताच. टॉम हाउस हा बेसबॉलचा गोलंदाज. १९७४मध्ये हँक अ‍ॅरनने ७१५वा होमरन मारून विक्रम केला, तो चेंडू मैदानाच्या कडेला झेलणारा हाच. पुढे टेक्सास रेंजर्समध्ये प्रशिक्षक असताना तो नोलन रायनसारख्या वेगवान गोलंदाजाला सरावात फुटबॉल फेकायला लावायचा. लोक हसत. कारण साधं होतं. बेसबॉल गोल, चूक लपवतो. लंबगोल चेंडू मात्र फेक बिघडली की लगेच डुगडुगतो. रायन ४६ वर्षांचा होईपर्यंत खेळला.

हाउसच्या वेगवान कॅमेऱ्यांत क्रम दिसला: आधी पुढचं पाऊल टेकतं, मग कंबर वळते, तिच्यामागून छाती आणि खांदे, मग कोपर, शेवटी मनगट आणि बोटं. कंबर वळायच्या आधीच हात निघाला, तर पायांची ताकद वाया जाते आणि उरलेला भार कोपर नि खांदा उचलतात. हाउसचा आणखी एक आग्रह होता. हाताला वेग देणाऱ्या स्नायूंइतकेच त्याला थोपवणारे, पाठीकडचे स्नायू बळकट हवेत. ब्रेक नसलेल्या गाडीने वेग घेऊ नये. ३१ डिसेंबर २००५ रोजी ड्रू ब्रीसचा उजवा खांदा निखळला. त्यातून सावरून २०१०मध्ये सुपर बोल जिंकणारा हा ब्रीस हाउसच्याच हाताखाली घोटलेला.

आता पोरं पॅट्रिक माहोम्सची नक्कल करतात. तो हात आडवा, खाली, कसाही नेऊन फेकतो. त्याचे वडील बेसबॉलचे गोलंदाज, तोही लहानपणापासून बेसबॉल खेळलेला. नातवाचा युक्तिवाद तयार होता, "आजोबा, तो कुठे नियम पाळतो?" आम्ही चित्रफीत संथ करून पाहिली. हात कुठूनही येवो, त्याची कंबर हाताच्या आधी वळलेली असते. निमूटपणे त्याने फोन खाली ठेवला.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी हळूहळू सुरुवात करायला सांगितलं. परसदारी आम्ही दहा पावलांवर उभे राहिलो. आधी उजवा गुडघा जमिनीवर टेकून फेकायचं, म्हणजे खांदे कसे वळतात ते कळतं. चेंडू छातीपाशी दोन्ही हातांत, बोटं टाक्यांवर, तळहात आणि चेंडू यांत थोडी फट. मग उभं राहून. डावं पाऊल आखूड आणि रोखाच्या किंचित डावीकडे टाकायचं; लांब ढांग टाकली की कंबर अडते. डावा हात बरगडीशी आवळून घ्यायचा, कोपर खांद्याच्या खाली घसरू द्यायचं नाही, आणि सुटल्यावर हात विरुद्ध कमरेकडे सैल जाऊ द्यायचा. फेकी मोजून वीस. एकविसावी त्याने मागितली, मी दिली नाही.

दुसऱ्या आठवड्यात चेंडू डुगडुगायचा थांबला. एका संध्याकाळी तो असा सरळ भिरभिरत आला, की माझ्या हातातून निसटून छातीवर आदळला.

"आजोबा, लागलं?"

"माझं राहू दे. कोपर?"

त्याने हात दोनदा दुमडून पाहिला. "नाही दुखत." आणि अठरावी फेक टाकायला मागे गेला.