तीस भाषा आणि एक 'बहुधा'

मराठीत आपण 'टेबलावर' म्हणतो, इंग्रजीत 'ऑन द टेबल'. आपले 'वर' नामानंतर येते, तिकडचे नामाआधी. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, तिकडचे कर्माच्या आधी. शब्दयोगी अव्यय आणि वाक्यरचना या गोष्टी आपण दोन वेगळ्या धड्यांत शिकवतो. त्यांचा एकमेकींशी संबंध असेल, हे एकाच भाषेचे व्याकरण कितीही घोटले तरी लक्षात येत नाही.

हा संबंध जोसेफ ग्रीनबर्ग यांनी मोजून दाखवला. १९६१ साली न्यूयॉर्क राज्यातील डॉब्स फेरी येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी तीस भाषांची तुलना मांडली. ती १९६३ मध्ये छापून आली. बास्क, वेल्श, स्वाहिली, तुर्की, जपानी, माओरी यांच्याबरोबर हिंदी आणि कन्नडही त्यांत होत्या, मराठी नव्हती. एकूण ४५ सार्वत्रिक नियम निघाले. बरेचसे 'अमुक असेल तर तमुकही असते' अशा धाटणीचे. वेल्शसारखी भाषा क्रियापदाने वाक्य सुरू करते, आणि अशा भाषा 'वर', 'मध्ये' या अर्थाचे शब्द नामाआधी ठेवतात. आपल्यासारख्या कर्ता-कर्म-क्रियापद क्रमाच्या भाषा ते बहुधा नामानंतर ठेवतात. यातला 'बहुधा' विसरू नये. फारसीत क्रियापद शेवटी असते, तरीही 'पासून' या अर्थाचा 'अझ' नामाआधी येतो. (आपल्या 'बेकायदा'तला 'बे' फारसीच. तोही 'शिवाय'सारखा मागाहून येत नाही.)

पहिल्याच नियमात ग्रीनबर्ग म्हणाले होते की कर्ता जवळजवळ नेहमी कर्माच्या आधी येतो. पुढे काहींनी 'जवळजवळ' गाळले आणि कर्माने सुरू होणारी भाषा असूच शकत नाही, असे ठरवून टाकले. १९७७ मध्ये डेस्मंड डर्बीशायर यांनी ब्राझीलच्या अॅमेझॉन खोऱ्यातील हिश्कार्याना भाषेची वाक्ये पुढे ठेवली. 'तोतो याहोसिये कामारा': तोतो म्हणजे माणूस, याहोसिये म्हणजे पकडले, कामारा म्हणजे जॅग्वार. अर्थ मात्र जॅग्वारने माणसाला पकडले, असा! ही भाषा बोलणारे तेव्हा काही शेच होते.

मला अपवादापेक्षा दुसरी शंका अधिक गंभीर वाटते. हिंदी, मराठी, गुजराती तिन्ही भाषांत 'वर' नामानंतर येते. हे तीन पुरावे, की एकाच आजीकडून आलेला वारसा? कन्नडचे कूळ वेगळे, पण शेजार जुना. ग्रीनबर्ग यांची निवडही बरीचशी सोयीची होती: परिचयाच्या किंवा चांगले व्याकरण उपलब्ध असलेल्या भाषा. ते त्यांनी स्वतःच नोंदवले आहे.

२०११ मध्ये मायकेल डन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये चार भाषाकुळांच्या वंशवृक्षांवर ही जोडी तपासली. एका कुळात एकत्र बदलणारी वैशिष्ट्ये दुसऱ्या कुळात स्वतंत्रपणे बदलतात, असे त्यांना दिसले. चार कुळांवरून नियम खोडता येत नाही, असा आक्षेप लगेच आला. मग शेकडो भाषांत ही जोडी एकत्र का दिसते, हा प्रश्न त्यांच्या विरोधकांनी पुन्हा पुढे केला.