भारताचे नागरिकत्व : अर्थ आणि ते मिळण्याचे कायदेशीर मार्ग

देशात राहणारा प्रत्येक मनुष्य त्या देशाचा नागरिक असतोच असे नाही. राज्य आणि व्यक्ती यांच्यातील ज्या कायदेशीर नात्यामुळे व्यक्तीला त्या देशात राहण्याचा, मतदानाचा व लोकप्रतिनिधी होण्याचा हक्क मिळतो आणि तिच्यावर राष्ट्रनिष्ठेचे बंधन येते, त्या नात्यास नागरिकत्व म्हणतात. आपल्या संविधानाने कायद्यापुढील समानता आणि जीविताचे संरक्षण परकीयांनाही दिले आहे. मात्र देशात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा अनुच्छेद १९ मधील हक्क केवळ नागरिकांचा आहे.

हा भेद केवढा मोठा आहे, हे मनमाडच्या शेतकऱ्यांनी १९६८ साली पाहिले. स्पेनहून १९५२ मध्ये भारतात आलेले येशूसंघीय विन्सेंट फेरर यांनी त्या कोरडवाहू भागात विहिरी आणि शेतीसुधारणेचे मोठे काम उभे केले होते. त्यांना देश सोडण्याचा आदेश निघाला. हजारो शेतकरी त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरले, तरीही त्यांना जावे लागले. पुढे ते परतले, पण महाराष्ट्रात नव्हे, आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात. लोकांचे प्रेम त्यांच्या पाठीशी होते, निवासाचा हक्क नव्हता.

बहुसंख्य भारतीयांना नागरिकत्व जन्माने मिळते. परंतु ‘जन्माने’ या शब्दाचा अर्थ कायद्याने वेळोवेळी बदलला आहे. बारामती तालुक्यातील नीरेकाठच्या सांगवीतील एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. आजोबांचा जन्म १९४० चा. त्यांचे नागरिकत्व थेट संविधानाच्या अनुच्छेद ५ मधून आले : भारतात अधिवास आणि भारतात जन्म. (नीरेच्या पलीकडे तेव्हा फलटण संस्थान होते. अलीकडचा ब्रिटिश अमलातील रयत आणि पलीकडचा संस्थानी प्रजाजन हे दोघेही एकाच संविधानाने नागरिक झाले, याचे आज कोणाला नवलही वाटत नाही.) वडील १९७५ चे. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेल्यांना, राजनैतिक प्रतिनिधींची मुले यांसारखे मोजके अपवाद वगळता, भारतातील जन्म एवढेच पुरेसे होते. मुलगा १९९५ चा. १ जुलै १९८७ नंतर आईवडिलांपैकी एक जण जन्मसमयी भारतीय नागरिक असणे आवश्यक झाले. नात २०१० ची. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक असावे लागतात, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदेशीर स्थलांतरित नसलेला. एकाच घरात चौघांना चार नियम लागू होतात. म्हणूनच जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांचा पुरावा जपून ठेवण्याचा आग्रह धरावा लागतो.

उरलेले मार्ग १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमात आहेत. परदेशात जन्मलेल्या भारतीयाच्या अपत्यास वंशाने नागरिकत्व मिळते, मात्र आता त्यासाठी जन्माची नोंद साधारणतः एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत व्हावी लागते. भारतीय वंशाची व्यक्ती किंवा भारतीय नागरिकाचा परदेशी जोडीदार सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीने नागरिक होऊ शकतो. इतर परकीयांसाठी स्वीकृतीचा मार्ग आहे : अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत एकूण अकरा वर्षे वास्तव्य, चांगले चारित्र्य, आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञान. मराठी त्या अनुसूचीत आहे, तेव्हा मराठीवरही हा अर्ज उभा राहू शकतो.

केवळ दीर्घ वास्तव्याने कोणी नागरिक होत नाही. १९३७ पासून भारतात असलेले बेल्जियमचे मिशनरी लुई द राएट यांना अर्धशतकानंतर, १९८७ मध्ये, देश सोडण्यास सांगण्यात आले. संविधान लागू होतेवेळीच आपण अनुच्छेद ५ खाली नागरिक झालो, असा त्यांचा दावा होता. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. ते परदेशी पारपत्रावर व निवासाच्या परवान्यावर राहत आले होते आणि भारत हेच आपले कायमचे घर करण्याचा त्या वेळचा हेतू त्यांना सिद्ध करता आला नाही. निकाल कठोर आहे, पण कायद्याला धरून आहे, असे आम्हांस वाटते.

शेवटचा मार्ग प्रदेश सामील होण्याचा. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर २८ मार्च १९६२ च्या आदेशाने, जे स्वतः, किंवा ज्यांचे आईवडील वा आजीआजोबा, गोवा, दमण व दीव येथे जन्मले होते, ते भारताचे नागरिक ठरले. मात्र पूर्वीचे राष्ट्रीयत्व राखू इच्छिणाऱ्यांना एका महिन्यात तसे लेखी कळविण्याची मुभा होती. मोन्सिन्योर सेबास्तियांव मोंतेरो या धर्मगुरूंनी ती घेतली आणि पोर्तुगीज राहणे पसंत केले. त्यांच्या निवासाचा परवाना १३ नोव्हेंबर १९६४ रोजी संपला. त्यांनी तो वाढवून घेतला नाही. परकीय नागरिकांविषयीच्या तेव्हाच्या कायद्याखाली त्यांना तीस दिवसांची साधी कैद आणि पन्नास रुपये दंड झाला. आपण व्याप्त प्रदेशाचे रहिवासी असून जिनिव्हा कराराचे संरक्षण आपल्याला आहे, हा त्यांचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९६९ मध्ये अमान्य केला. सामिलीकरण झाल्यावर व्याप्ती उरत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. ज्या भूमीत जन्म झाला, तेथेच ते परके ठरले, आणि ते त्यांच्या स्वतःच्या सहीने.

उलट दिशेचे उदाहरणही गोव्याचेच आहे. मुक्तीपूर्वी पाकिस्तानात गेलेल्या आणि उतारवयात गोव्यात परतलेल्या एका ख्रिस्ती गृहस्थांना ऑगस्ट २०२४ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, भारतीय नागरिकत्व मिळाले. २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती यांच्यासाठी वास्तव्याची अट अकरा वर्षांवरून पाचांवर आणली. तिचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. मुस्लिमांना वगळल्यामुळे या दुरुस्तीस न्यायालयात आव्हान देण्यात आले. आपल्या समाजाला लाभ मिळतो म्हणून त्या आक्षेपाकडे डोळेझाक करणे योग्य नव्हे.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेताच अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपते. पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तेथील पारपत्र घेणाऱ्या अनेक गोमंतकीयांना याचा अनुभव आहे. ‘ओसीआय’ कार्ड हे नागरिकत्व नव्हे : त्यावर मतदान करता येत नाही, निवडणूक लढविता येत नाही, शेतजमीनही विकत घेता येत नाही.

कागदपत्रांविषयी थोडे. आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे आधार अधिनियमाचे कलम ९ स्पष्ट सांगते. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील जन्मतारीख जुन्या पिढीस पूरक पुरावा म्हणून उपयोगी पडते, परंतु ती जन्मनोंदणीची जागा घेऊ शकत नाही. जन्म २१ दिवसांच्या आत नोंदवावा. वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. माळेगाव, सोमेश्वर येथील कारखान्यांच्या हंगामात परजिल्ह्यांतून तोडणी मजूर येतात आणि काही मुले फडावरच जन्मतात. अशी नोंद मूळ गावी होत नाही. जेथे जन्म झाला, त्याच हद्दीतील ग्रामपंचायतीत ती करावी लागते, आणि टोळी पुढे सरकण्यापूर्वी केलेली बरी.