अजिंठ्याचा सातकुंड

अजिंठ्याला जाणारा प्रवासी चित्रांना भुलतो, यात नवल नाही. पण वाघोरा नदीच्या त्याच घळीत, अगदी माथ्याशी, सात टप्प्यांनी उतरणारा सातकुंड नावाचा धबधबा आहे. तिकडे पाहायला फारसा कोणी थांबत नाही.

माझे विद्यार्थी इतिहासाच्या पेपरात १८१९ हे साल बिनचूक लिहितात. त्या वर्षी एप्रिलात मद्रास फौजेतला जॉन स्मिथ शिकारीला आला आणि त्याला लेणी ‘सापडली’. एप्रिल म्हणजे ऐन उन्हाळा; कड्यावरचे पाणी तेव्हा आटलेले असते.

मी गेलो तो श्रावणात. धबधब्याच्या घोषापुढे शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येईना. ही जागा निवडणारे भिक्षू पावसाळ्यातले रहिवासी होते. पावसात भटकंती थांबवून एका जागी राहायचे, हा त्यांचा वर्षावास. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास येथे कातळावर पहिली छिन्नी पडली. पुढे पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे दान दिले.

त्या काळी लेण्यांपासून खाली ओढ्यापर्यंत स्वतंत्र पायऱ्या होत्या. आज त्या बहुतेक नाहीशा झाल्या आहेत. आपण आता लेण्यातून लेण्यात जातो. भिक्षू लेण्यातून पाण्याकडे जात. पायऱ्या गेल्या आणि लेण्यांचे पाण्याशी असलेले नातेही आपल्या नजरेआड झाले.

म्हणून मी मुलांना सांगतो, १८१९ जरूर पाठ करा, गुण मिळतील. पण अजिंठा समजून घ्यायचा असेल, तर श्रावणात जा आणि आधी पाणी पाहा, मग चित्रे.