महाकालाचे पुनरुत्थित मंदिर

उज्जयिनीच्या माधवनगरात राहणाऱ्या मराठी माणसाला महाकालाचे दर्शन ही नित्याची गोष्ट आहे. रेल्वेचा पूल ओलांडावा, जुन्या शहरातून वाट काढावी आणि शिखरापुढे हात जोडावेत, हा क्रम कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परंतु देव जितका पुरातन, तितके हे शिखर पुरातन नाही. ते एका मराठी दिवाणाने उभारविले. त्या पुनर्रचनेची कथा आज सांगावयाची आहे.

क्षेत्राचे प्राचीनत्व वादातीत आहे. कालिदासाचा यक्ष मेघाला सायंपूजेपर्यंत महाकालाच्या मंदिरापाशी थांबावयास सांगतो आणि आपल्या गर्जनेने नगाऱ्याचे काम करावयास सुचवितो. पुढे परमार राजांच्या काळी येथे मोठे मंदिर होते. नागाच्या वेटोळ्यांत वर्णाक्षरे गुंफलेला त्या काळचा एक शिलालेख आजही मंदिराच्या आवारात आहे. इ. स. १२३४-३५ मध्ये दिल्लीचा सुलतान अल्तमश माळव्यावर चालून आला आणि त्या स्वारीत हे मंदिर पडले. मिन्हाज या समकालीन इतिहासकारानेच हे लिहून ठेविले आहे.

त्यानंतर जवळजवळ पाच शतके लोटली. १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांनी अमझेऱ्याची लढाई जिंकली आणि माळव्यात मराठ्यांचे पाऊल स्थिरावले. राणोजी शिंद्यांनी उज्जयिनीस आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण होते रामचंद्रबाबा सुखठणकर. वसूल, जमाखर्च, फौजेचा पगार आणि दरबारी पत्रव्यवहार यांत गुंतलेला हा मुत्सद्दी पुरुष. महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला, तो यांच्या हातून. बाबांना पुत्रसंतान नव्हते, म्हणून त्यांनी आपले द्रव्य देवाकार्यी लाविले, अशी आख्यायिका उज्जयिनीत सांगतात.

श्रोतेहो, या कामातील अवघडपणा ध्यानी घेतला पाहिजे. पाच शतकांपूर्वीचे मंदिर डोळ्यांनी पाहिलेला मनुष्य कोठून मिळणार? तेव्हा जुन्या वास्तूची हुबेहूब प्रतिकृती करणे शक्यच नव्हते. टिकून राहिली होती ती जागा, शेजारचे कोटितीर्थ आणि लोकांची श्रद्धा. तेवढ्या आधारावर नवी वास्तू उभी राहिली. तिच्या शिखरात माळव्याची जुनी भूमिज रीत आणि मराठी घडण यांचा मेळ दिसतो. तिचे तीन मजले आहेत. खाली, जमिनीच्या पातळीखाली, दक्षिणाभिमुख महाकाल. मधल्या मजल्यावर ओंकारेश्वर. आणि वर नागचंद्रेश्वर, ज्याचे दर्शन वर्षातून एकदाच, नागपंचमीस घडते. ज्याला आपण परंपरा म्हणतो, तिचा देह असा अनेकदा नवा असतो. सातत्य असते ते उपासनेचे.

पुढे १८१० साली दौलतराव शिंद्यांनी आपली राजधानी ग्वाल्हेरीस हलविली. उज्जयिनीचे राजवैभव ओसरले, पण मंदिराचा राबता ओसरला नाही. राज्ये विलीन झाली आणि १९५६ मध्ये उज्जयिनी नव्या मध्य प्रदेशात आली, तरी सायंकाळच्या आरतीत खंड पडला नाही.

कथेला अगदी अलीकडे आणखी एक प्रकरण जोडले गेले. मंदिराच्या परिसराचा विस्तार करण्यासाठी २०२० च्या अखेरीस खोदकाम चालू असता जुन्या मंदिराचे कोरीव दगड आणि भिंतींचे अवशेष जमिनीतून वर आले. पुरातत्त्वज्ञांनी ते परमारकालीन असल्याचे सांगितले. त्यानंतर ११ ऑक्टोबर २०२२ रोजी 'महाकाल लोक' या नव्या विशाल परिसराचे उद्घाटन झाले.

एकाच भूमीवर असे तीन थर आज एकत्र आले आहेत: परमारांचा, दिवाणाचा आणि आपला. जीर्णोद्धार करणाऱ्याची खरी कसोटी येथेच लागते. रामचंद्रबाबांना खालचा थर दिसला नव्हता. त्यांच्यापुढे ओसाड जागेचा प्रश्न होता आणि तो त्यांनी सोडविला. आपल्याला मात्र तो थर दिसला आहे. म्हणून नवे बांधताना जुन्या दगडांची नोंद ठेवणे, त्यांचे जतन करणे, आणि त्यांची ओळख येणाऱ्या यात्रेकरूला करून देणे, ही जबाबदारी आपल्यावर अधिक आहे. दिवाणाचे नाव विसरले गेले, तरी महाकालाचे काही उणे होणार नाही. पण ज्या शिखराच्या सावलीत आपण उभे राहतो ते कोणी उभारिले, हे ठाऊक नसणे आपल्याला मात्र शोभणार नाही.