घाट उतरताना ईव्हीचा रिजेन किती ठेवायचा?

पाचगणीच्या हॉटेलात रात्रभर चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक गाडी सकाळी १०० टक्के झालेली असते. बॅगा डिकीत जातात, हिशोब होतो आणि गाडी वाईच्या दिशेने पसरणी घाटाला लागते. रिजेन कालच्यासारखाच लेव्हल ३ वर आहे. पण पहिल्या वळणाआधी एक्सलरेटरवरून पाय काढला तरी गाडी काल जशी चटकन आवळली जात होती तशी जात नाही. ती घरंगळतच राहते. चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि पाय ब्रेकवर जातो.

गाडीत काही बिघडलेले नसते. बॅटरीत वीज ठेवायला जागा उरलेली नसते, एवढेच. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे घाटात गोंधळ उडू शकतो, आणि गाडी विकताना शोरूममध्ये ती सांगितली जाईलच असे नाही.

रिजेन म्हणजे नेमके काय?

जुन्या सायकलींना डायनॅमो असायचा. रात्री दिवा लावण्यासाठी तो टायरला टेकवला की दिवा पेटायचा, पण पेडल जड व्हायचे. वीज फुकट मिळत नाही; तिच्यासाठी चाकाचा वेग खर्ची पडतो. इलेक्ट्रिक गाडीत हेच मोठ्या प्रमाणावर घडते. एक्सलरेटर दाबलेला असताना मोटर बॅटरीतून वीज घेऊन चाके फिरवते. पाय काढला की गाडीची चाके मोटरला फिरवू लागतात, मोटर जनित्र बनते, वीज उलट बॅटरीकडे जाते आणि गाडीचा वेग कमी होतो. यालाच रिजनरेटिव्ह ब्रेकिंग, बोलीभाषेत रिजेन म्हणतात.

मुंबईच्या नव्या लोकल गाड्याही असाच ब्रेक लावतात. मात्र लोकलची वीज ओव्हरहेड तारेत परत जाते आणि जवळपास वेग घेत असलेली दुसरी लोकल ती वापरून टाकते. कारला अशी शेजारीण नसते. तिची वीज घेणारी एकच जागा, तिची स्वतःची बॅटरी. बॅटरीने नाही म्हटले की मोटरचा ब्रेकही गेला.

लेव्हल ०, १, २, ३

प्रत्येक कंपनीने याला वेगळे नाव आणि वेगळी जागा दिली आहे. टाटाच्या अनेक ईव्हींमध्ये ० ते ३ अशा चार पातळ्या मिळतात. नेक्सॉन ईव्हीच्या नव्या मॉडेलमध्ये त्या स्टिअरिंगमागच्या पॅडलने बदलता येतात. एमजीच्या झेडएस ईव्हीत त्याच गोष्टीला केईआरएस म्हणतात. ह्युंदाईच्या आयोनिक ५ मध्ये आय-पेडल आहे, ज्यात एक्सलरेटर सोडला की गाडी पूर्ण थांबते. काही गाड्यांत ही सेटिंग टचस्क्रीनच्या मेन्यूत दडलेली असते. गाडी चालू असताना ती शोधत बसणे धोक्याचे, म्हणून निघण्याआधीच बघून ठेवलेली बरी.

आकडा जितका मोठा, तितकी गाडी पाय काढल्यावर जोरात आवळली जाते. शून्यावर ती जवळजवळ न्यूट्रलमध्ये असल्यासारखी घरंगळते. इथे एक बारकावा आहे. काही गाड्यांत ब्रेक पेडल दाबले की आधी मोटर ब्रेक लावते आणि गरज पडली तरच चाकांचे ब्रेक मदतीला येतात. अशा गाडीत लेव्हल शून्यावर असली तरी ब्रेक दाबताना वीज परत मिळत राहते. दुसऱ्या काही गाड्यांत पेडल थेट डिस्कवरच काम करते. आपली गाडी कोणत्या प्रकारातली, हे मॅन्युअलमध्ये पाहावे लागते. मॅन्युअल चाळून पाहावे अशी ती बहुधा सर्वात महत्त्वाची ओळ असेल.

जास्त रिजेन म्हणजे जास्त रेंज?

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा सल्ला हमखास मिळतो: कायम लेव्हल ३ ठेवा, रेंज वाढेल. तो अर्धाच खरा आहे.

गाडीच्या वेगाची वीज करायची, ती बॅटरीत रासायनिक रूपात साठवायची, पुन्हा बाहेर काढून तिचा वेग करायचा, या प्रत्येक टप्प्यावर थोडी गळती होते. एकूण फेरीत साधारण ६० ते ७० टक्केच हाती लागते. म्हणजे सिग्नल लांबूनच दिसत असेल, तर सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे गाडी नुसती घरंगळू देणे. आहे तो वेग अंतर कापण्यासाठी वापरला की त्याची वीज करून पुन्हा वेग करण्याचा खटाटोपच नको. रिजेनचा खरा फायदा आहे तो ब्रेक लावावाच लागणार असेल तेव्हा. जी ऊर्जा डिस्क तापवून वाया गेली असती, तिच्यातली बरीच परत येते.

म्हणून हडपसर किंवा घोडबंदर रोडच्या गर्दीत, जिथे दर पन्नास मीटरवर थांबावे लागते, तिथे लेव्हल २ किंवा ३ सोयीची. एका पायाने काम भागते आणि सतत पेडल बदलण्याचा त्रास वाचतो. मोकळ्या समृद्धी महामार्गावर मात्र ० किंवा १. तिथे जोरदार रिजेन ठेवला, तर पाय जरा हलला तरी गाडी आवळली जाते आणि मग घालवलेला वेग परत मिळवण्यासाठी वीज जाते. मागे बसलेल्यांच्या पोटात ढवळते ते वेगळेच. ईव्ही टॅक्सीत उलटी आल्यासारखे होते अशी तक्रार अनेक जण करतात. पाय धप्पकन न उचलता हळूहळू सैल केला किंवा लेव्हल एकाने उतरवली, तर फरक लगेच जाणवतो.

घाटाचा हिशोब

बोरघाट उतरणारी गाडी घेऊ. माणसांसह वजन १,६०० किलो, उतार सुमारे ५०० मीटर उंचीचा. एवढ्या उंचीवरून खाली येताना जी ऊर्जा सुटते ती अंदाजे २.२ युनिट होते. युनिट म्हणजे वीजबिलातलेच युनिट. त्यातली साधारण ०.९ युनिट टायरचे घर्षण आणि हवेचा अडथळा खाऊन टाकतात. उरलेली १.३ युनिट कुठेतरी जायलाच हवीत, नाहीतर गाडीचा वेग वाढत जाईल.

ती सगळी चाकांच्या ब्रेकमध्ये गेली, तर २ किलोवॅटचा गिझर जवळपास ४० मिनिटे चालवल्याइतकी उष्णता त्या चार चाकांत तयार होते. सतत पाय ठेवून घाट उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक तापून जळका वास का येतो, आणि कधीकधी ब्रेक ऐनवेळी दगा का देतात, ते यातून समजते. हीच ऊर्जा रिजेनने घेतली, तर ब्रेक थंड राहतात आणि बॅटरीत साधारण एक युनिट जमा होते. छोट्या ईव्हीसाठी ते सहा-सात किलोमीटरचे अंतर झाले. म्हणजे घाटात रिजेनचे मोल रेंजपेक्षा ब्रेक थंड ठेवण्यात जास्त आहे.

ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा एसटी आणि ट्रकच्या चालकांचा जुना नियम. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला रोखून धरते. ईव्हीत असा गिअर बदलता येत नाही. बहुतेक गाड्यांना एकच गिअर असतो. त्या नियमाची जागा रिजेनच्या वरच्या लेव्हलने घेतली आहे. घाटात उतरताना ती २ किंवा ३ वर ठेवावी आणि ती उतार सुरू होण्याआधी लावावी, वळणात नव्हे. वळणाच्या मधोमध लेव्हल बदलली की गाडीला अचानक हिसका बसतो.

बॅटरी भरलेली असेल तर

आता पुन्हा पाचगणीकडे. डिझेल गाडीची टाकी काठोकाठ भरली तरी इंजिनचा ब्रेक जात नाही. ईव्हीची बॅटरी भरली की रिजेन कमी होतो किंवा बंद पडतो. बऱ्याच गाड्या डॅशबोर्डवर तशी सूचना देतात, पण वळणावळणाच्या रस्त्यात ती नजरेतून सुटते. काही मोजक्या गाड्या अशा वेळी चाकांचे ब्रेक आपोआप लावून उणीव भरून काढतात. सगळ्या तसे करत नाहीत.

उपाय आदल्या रात्रीच करायचा असतो. डोंगरावर मुक्काम असेल, तर चार्जिंगची मर्यादा ८५-९० टक्क्यांवर ठेवावी. घाट उतरताना मिळणारी एखाद-दुसरी युनिट पाहता, ३०-४० युनिटच्या बॅटरीत पाच टक्के जागाही पुरेल असे वाटते. पण भरत आलेली बॅटरी वीज हळूहळूच घेते. फास्ट चार्जरवर शेवटचे दहा टक्के रेंगाळतात, ते याच कारणाने. म्हणून जागा थोडी जास्त सोडावी. एलएफपी प्रकारच्या बॅटरीला अधूनमधून १०० टक्के चार्ज करा असे अनेक उत्पादक सांगतात. ते खरेच आहे. फक्त ते काम पायथ्याशी, घरी परतल्यावर करावे.

आणि गाडी १०० टक्क्यांवर निघालीच, तर? एसी जोरात लावून वीज संपवण्याची युक्ती सुचवली जाते, पण एसी घाटाच्या मानाने फारच कमी वीज खातो. पहिल्या मीटरपासून वेग कमी ठेवणे हाच खरा मार्ग. ब्रेकवर पाय टेकवून ठेवण्यापेक्षा ठाम दाबायचा, वेग उतरवायचा आणि सोडून द्यायचा, म्हणजे डिस्कला हवा लागते. वास आला किंवा पेडल मऊ वाटू लागले, तर सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि ब्रेक थंड होऊ द्यावेत.

बॅटरी फार गार पडली तरी रिजेन असाच कमी होतो. महाराष्ट्रात हा प्रश्न फारसा येत नाही. लडाख-हिमाचलच्या सहलीला ईव्ही नेणाऱ्यांना सकाळच्या पहिल्या उतारावर तो भेटतो.

पाऊस

रिजेन फक्त मोटर जोडलेल्या चाकांवर काम करतो. भारतातल्या अनेक ईव्हींमध्ये ती पुढची दोन चाके असतात. चाकांचे ब्रेक मात्र चारही चाकांवर जोर वाटून देतात. मृगाच्या पहिल्या सरींनी रस्त्यावरचे तेल आणि धूळ वर येते, तेव्हा लेव्हल ३ वर पाय झटकन उचलला तर पुढची चाके घसरू शकतात. गाडीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा घसरण ओळखून रिजेन कमी करते, पण त्या क्षणी गाडी अपेक्षेपेक्षा कमी थांबते. निसरड्या रस्त्यावर एक लेव्हल खाली आणि पाय सावकाश.

मागच्या गाडीला काय दिसते?

ब्रेक पेडलला पाय लागलेला नसताना ब्रेक लाइट लागतो का, हा प्रश्न रास्त आहे. संयुक्त राष्ट्रांच्या कार ब्रेकविषयीच्या नियमानुसार, पाय काढल्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला १.३ मीटर प्रतिसेकंदापेक्षा जास्त दराने कमी होत असेल तर लाइट लागलाच पाहिजे, ०.७ पर्यंत लागता कामा नये आणि मधल्या पट्ट्यात निर्णय उत्पादकाचा. आपली गाडी कधी लाइट लावते ते रात्री एखाद्या भिंतीजवळ, मोकळ्या पार्किंगमध्ये तपासता येते. मागे चिकटून येणारा टेम्पो असेल, तर ब्रेक पेडलला हलका स्पर्श करून लाइट दाखवणे शहाणपणाचे.

पाय विसरतो

एका पेडलवर चालवण्याची सवय लागते तेव्हा एक जोखीमही सोबत येते. आणीबाणीत रिजेन पुरत नाही. तिथे ब्रेक पेडलच जोरात दाबावे लागते. घरात एक पेट्रोल आणि एक ईव्ही अशा दोन गाड्या असतील, किंवा एकच ईव्ही बाबा लेव्हल १ वर आणि मुलगी ३ वर चालवत असेल, तर पहिल्या दोन सिग्नलना अंदाज चुकतोच. त्यात काही गाड्या बंद करून सुरू केल्या की लेव्हल पुन्हा मूळ जागी जाते. किल्ली हातात आली की आधी डॅशबोर्डवरचा आकडा पाहायचा, मग गाडी हलवायची.

डिस्कचे काय?

पॅड वर्षानुवर्षे टिकतात, हा रिजेनचा फायदा. पण न वापरलेली डिस्क गंजते, विशेषतः कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत. फोक्सवॅगनने आपल्या आयडी.३ आणि आयडी.४ गाड्यांच्या मागच्या चाकांना डिस्कऐवजी जुन्या पद्धतीचे बंदिस्त ड्रम ब्रेक दिले, त्यामागे हेही कारण होते. आठवड्यातून एकदा, मागे कोणी नसताना, लेव्हल शून्यावर आणून दोन-चार वेळा ब्रेक ठामपणे दाबले की गंजाचा पातळ थर निघून जातो. ज्या गाडीत ब्रेक पेडलही आधी मोटरलाच कामाला लावते, तिथे जरा जोरात दाबावे लागते. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहिली असेल, तर पहिल्या दाबाला खरखर ऐकू येते. दोन-तीन दाबांनंतरही ती गेली नाही, तर सर्व्हिस सेंटरला डिस्क दाखवून घ्यावी.