चकमक : एक तुर्की शब्द आणि आपला डोंगर

मंडळी, जुन्नर-आंबेगावच्या माणसाला गारगोटी दाखवायला नको. आपल्या काळ्या खडकाच्या पोटातूनच ती निघते. काड्यापेटी येण्याआधी तिच्यावर पोलादाचा तुकडा मारायचा आणि ठिणगी कापसावर झेलायची. या साधनाचं नाव चकमक. वस्तू घरची, शब्द मात्र तुर्की. तुर्कीत ‘चाकमाक’ म्हणजे आपटून ठिणगी पाडणे. इस्तंबूलमध्ये आजही लायटरला हेच नाव आहे. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला.

मराठीत त्याला आणखी एक अर्थ आहे : छोटी लढाई. ठिणगीसारखी उडाली, विझली. पण लक्षात घ्या, नुसत्या गारगोटीतून ठिणगी पडत नाही. समोर पोलाद लागतं. चकमकीला दोन बाजू लागतात.

आता शिवनेरीवरचा कोळी चौथरा आठवा. 17व्या शतकात मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांना पकडून मारलं आणि त्यांच्या मुंडक्यांवर तो बांधला, असं परंपरा सांगते. डोंगरात ते फौजेशी भिडले असतील, ती चकमक. हात बांधल्यावर झाली ती कत्तल.

वर्तमानपत्रात आजही ‘पोलिसांशी चकमक, एक ठार’ असं छापून येतं. ते खरंही असेल. पण जुना कागद असो की आजची बातमी, हा शब्द दिसला की एवढंच विचारा : दुसऱ्या बाजूच्या हातात काही होतं का? नसेल, तर तिथे दुसरा शब्द हवा.